नगरपालिकेचा बंब आणि आपली देखरेख

(संस्थेच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आपल्या व्याख्यानमालेत शिक्षण, आरोग्य, व्यसनमुक्ती, स्पर्धा परीक्षा असे विषय दरवर्षी असतात. यंदा आम्ही अग्निशमन दलाचा विषय मागून घेतला, तेव्हा काही ज्येष्ठ सभासदांनी विचारले की, बंबाचा आणि आपल्या संस्थेचा संबंध काय? आम्ही पेशाने बँकेतील कारकून, शिक्षणाने कलाशाखेचे पदवीधर. आगीचे तज्ज्ञ आम्ही नव्हेत. परंतु नोंदवही, ताळमेळ आणि तपासणी या तीन गोष्टींत आमची वीस-बावीस वर्षे गेली आहेत. लहान शहराचे अग्निशमन दल बिघडते ते बहुधा या तीन गोष्टींत बिघडते, असे आमचे मत झाले आहे. ते आपल्यापुढे मांडण्यासाठी आम्ही उभे आहोत.

संबंधाचे म्हणाल तर तो तारखेपासूनच सुरू होतो. १४ एप्रिल हा आपल्यासाठी बाबासाहेबांच्या जयंतीचा दिवस. हाच दिवस संपूर्ण देशात अग्निशमन सेवा दिन म्हणूनही पाळला जातो आणि १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजावर कापसाच्या गाठी होत्या आणि त्याच जहाजात शेकडो टन स्फोटके भरलेली होती. दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा झाला. शेकडो माणसे मेली, गोदी आणि आसपासची वस्ती उद्ध्वस्त झाली. आग विझवताना मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्या दिवशी बाबासाहेब त्रेपन्न वर्षांचे झाले होते आणि व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून काम पाहत होते.

आम्ही ही हकीकत केवळ तारखेच्या योगायोगासाठी सांगत नाही. आग दिसल्यानंतर स्फोट होईपर्यंत मध्ये वेळ होता. जहाज बुडवावे की गोदीबाहेर ओढून न्यावे, यावर विचार करण्याइतका तो वेळ होता. जहाजाचा कप्तान, गोदीचे अधिकारी, दारूगोळ्याचे अधिकारी आणि अग्निशमनाचे अधिकारी असे सगळे तेथे हजर होते. परंतु अखेरचा हुकूम कोणी द्यायचा हेच ठरलेले नव्हते. जवान धैर्यात कमी पडले नाहीत. कारभार कमी पडला. आगीच्या मागे पुष्कळदा असा एक न घेतलेला निर्णय असतो.

आता आपल्यासारख्या लहान शहराकडे वळू. आग विझवणे ही नगरपालिकेने लोकांवर केलेली मेहेरबानी नव्हे. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ याच्या कलम ४९ मध्ये नगरपालिकेची जी आवश्यक कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत आग विझवणे आणि आगीच्या वेळी जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे हे कर्तव्य आहे. बाग करणे, वाचनालय काढणे यांसारखी ही ऐच्छिक बाब नाही. १९९३ साली अंमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानाला बारावी अनुसूची जोडली. तिच्यात नागरी संस्थांकडे सोपवण्याच्या अठरा विषयांची यादी आहे आणि त्या यादीत ‘अग्निशमन सेवा’ सातव्या क्रमांकावर आहे. म्हणजे हा विषय संविधानाने आपल्या दारापर्यंत आणून ठेवला आहे. तो उचलून घरात घेण्याचे काम आपले आहे.

नगरपालिकेत प्रशासनाची सूत्रे मुख्याधिकाऱ्यांकडे असतात. धोरण आणि पैसा सर्वसाधारण सभेच्या हाती असतो. अग्निशमन केंद्र एखाद्या अग्निशमन अधिकाऱ्याकडे किंवा पर्यवेक्षकाकडे असते. तेही पद रिकामे असले तर कार्यालयातील दुसऱ्याच कोणाकडे त्याचा जादा कार्यभार दिलेला असतो. राज्य पातळीवर महाराष्ट्र अग्निशमन सेवेचे संचालक असतात. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्या. बांधकाम, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, नियोजन, महिला व बालकल्याण अशा विषय समित्या नगरपालिकेत असतात. अग्निशमनाची वेगळी समिती सहसा नसते. ज्या खात्याला समिती नाही, त्या खात्याचा विषय बैठकीत कोण काढणार? मोठी आग लागली की महिनाभर चर्चा होते आणि पुढे सगळे विसरले जाते. घरात ज्या मुलाचे नाव कोणी घेत नाही, त्याच्या चपला तुटल्या तरी कोणाच्या लक्षात येत नाही, तशी या खात्याची गत होते.

आम्ही हिशेबाची माणसे, म्हणून थोडा हिशेब मांडतो. विद्यार्थ्यांनी तो वहीत उतरवून घ्यावा.

पहिला हिशेब गाड्यांचा. केंद्र शासनाच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीने लहान शहरांसाठी दर पन्नास हजार लोकसंख्येमागे एक पंपाची गाडी असा मापदंड दिलेला आहे. समजा, ऐंशी हजार वस्तीचे ‘ब’ वर्गाचे शहर आहे. तेथे दोन गाड्या हव्यात. एक गाडी दुरुस्तीला गेली तर दुसरी रस्त्यावर असली पाहिजे. तिसरी छोटी गाडी असेल तर ती अरुंद बोळांसाठी उपयोगी पडते. मोठी गाडी विकत घेतली म्हणजे शहर सुरक्षित झाले, अशी समजूत उद्घाटनाच्या फोटोमुळे होते. गाडीचे तोंड जर गल्लीत शिरत नसेल तर तिचा रंग कितीही लाल असो, उपयोग शून्य.

दुसरा हिशेब पाण्याचा. नेहमीच्या मोठ्या बंबात साधारण ४,५०० लिटर पाणी मावते. एका नळीतून मिनिटाला चारशे-पाचशे लिटर पाणी सहज जाते. म्हणजे एकच नळी चालवली तरी दहा मिनिटांच्या आसपास बंब रिकामा होतो. दोन नळ्या चालवल्या तर पाच मिनिटांत. तेव्हा खरा प्रश्न अकराव्या मिनिटाचा आहे. बंब पुन्हा कोठे भरायचा? जलकुंभावर भरण्याची सोय आहे काय? तेथील चावी रात्री कोणाकडे असते? वीज गेली तर काय? जुन्या विहिरी गाळाने बुजल्या की उपशायोग्य आहेत? बंबावर विहिरीतून पाणी ओढण्याचा सक्शन पाईप आहे, पण तो शेवटचा कधी वापरला? अग्निशमन खाते आणि पाणीपुरवठा खाते यांची गाठ या अकराव्या मिनिटाला पडते. ती आधीच कागदावर आणि सरावात घालून ठेवणे हाच कारभार होय.

तिसरा हिशेब माणसांचा. एका गाडीवर चालक, प्रमुख फायरमन आणि चार फायरमन अशी साधारण सहा माणसे लागतात. दिवसाच्या तीन पाळ्या धरल्या तर रोज अठरा माणसे झाली. आठवड्याच्या एकशे सव्वीस पाळ्या होतात. प्रत्येकाला आठवड्याची एक सुटी द्यायची, म्हणजे एक माणूस सहा पाळ्या करील. तेव्हा एकवीस माणसे हवीत. रजा, आजारपण आणि प्रशिक्षण धरले की तेवीस-चोवीसच्या खाली गाडा चालत नाही. हे एका गाडीचे झाले. आता आपल्या शहरातील मंजूर पदे किती, भरलेली किती आणि त्यांतील कंत्राटी किती, हे विचारा. उत्तर ऐकल्यावर समजेल की, रात्री दोन वाजता बंब उशिरा येतो तो माणसे आळशी असतात म्हणून नव्हे. चालक आहे तर फायरमन नाही, फायरमन आहे तर प्रमुख नाही, अशी अवस्था असते. कंत्राटी पोरगा जळत्या घरात शिरतो तेव्हा ज्वाळा त्याच्या नेमणुकीचा आदेश तपासत नाहीत. मग त्याच्या विम्याच्या, गणवेशाच्या आणि श्वसनयंत्राच्या बाबतीत नगरपालिकेने तरी भेद का करावा?

गेल्या उन्हाळ्यात संस्थेचे चार सभासद आणि सहा विद्यार्थी असे आम्ही रीतसर पत्र देऊन एका नगरपालिकेचे अग्निशमन केंद्र पाहण्यास गेलो. तेथील जवानांनी आम्हाला आपुलकीने सर्व दाखवले. पाळी बदलताना गाडीचा पंप चालू करून पाहतात, नळ्या उलगडून वाळवतात, शिडी घासून ठेवतात. शिस्त चांगली होती. नंतर आम्ही वर्दीची नोंदवही पाहण्याची विनंती केली. वर्दी मिळाल्याची वेळ, गाडी निघाल्याची वेळ, घटनास्थळी पोहोचल्याची वेळ, आग आटोक्यात आल्याची वेळ आणि परतीची वेळ असे पाच रकाने होते. पहिले दोन रकाने भरलेले होते. पोहोचल्याच्या वेळेचा रकाना पानामागून पान कोरा होता.

बँकेत रोकड मोजल्याशिवाय दिवस बंद होत नाही. तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. कारण एका माणसावर अविश्वास आहे असे नव्हे. माणूस प्रामाणिक असूनही चूक होते, आणि ती त्याच दिवशी सापडावी, अशी ती पद्धत आहे. त्या कोऱ्या रकान्याचा अर्थ आम्हाला असा दिसला : पोहोचायला किती वेळ लागला याची नोंद नाही, म्हणून अडचण नाही, अडचण नाही, म्हणून तरतूद नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीला बंब पोहोचायला पंचवीस मिनिटे लागतात हे जवानांना ठाऊक असते, वस्तीला ठाऊक असते, पण कागदाला ठाऊक नसते. आणि अंदाजपत्रक कागदाकडे पाहून तयार होते. तो एक रकाना वर्षभर नीट भरला तर नदीपलीकडे छोटे उपकेंद्र हवे, ही मागणी कोणालाही टाळता येणार नाही. अशी नोंद ठेवणे हे त्या जवानांच्याही हिताचे आहे, हे आम्ही त्यांना सांगितले आणि त्यांना ते पटले.

आता आग लागण्यापूर्वीच्या कामाकडे येऊ. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ या कायद्याने इमारतीच्या मालकावर किंवा ती वापरणाऱ्यावर आग प्रतिबंधाची जबाबदारी टाकली आहे. ही साधने परवानाधारक संस्थेकडून बसवून घ्यायची आणि ती चालू स्थितीत आहेत, असे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै महिन्यांत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करायचे. दवाखाने, मंगल कार्यालये, शिकवणी वर्ग, वसतिगृहे, दुकानांच्या इमारती, सगळ्यांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे.

कायदा असतो आणि तरीही ९ जानेवारी २०२१ ची रात्र येते. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि दहा बाळे गेली. ज्या आयांची बाळे तेथे होती, त्या बहुतेक गरीब, मजुरी करणाऱ्या घरांतील होत्या. खाजगी रुग्णालयाचे बिल ज्यांना परवडत नाही, त्यांची मुले सरकारी दवाखान्यात असतात. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या खाजगी रुग्णालयात आणि ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटले आणि पुन्हा रुग्ण गेले.

यातून आम्ही जे शिकलो ते तपासनिसाच्या भाषेत सांगतो. तपासणी झाली म्हणजे काम झाले असे नव्हे. बँकेत तपासनीस येतो, त्रुटी लिहितो आणि जातो. त्यानंतर एक पूर्तता अहवाल द्यावा लागतो : कोणती त्रुटी, कोणी, कोणत्या तारखेस दूर केली. पूर्तता झाली नाही तर त्रुटी कायम राहते आणि वरिष्ठ विचारत राहतात. अग्निसुरक्षेच्या तपासणीला हा दुसरा कागद पुष्कळदा नसतो. अहवाल फायलीत जातो, फाईल कपाटात जाते आणि कपाट त्याच इमारतीत असते! म्हणून आपण विचारायचा प्रश्न ‘ऑडिट झाले का’ हा नाही. ‘ऑडिटातील कोणत्या त्रुटी अजून बाकी आहेत आणि त्या कोणाकडे बाकी आहेत’ हा आहे.

आणखी एक गोष्ट या सभागृहात सांगितली नाही तर आमचे भाषण अपुरे राहील. अग्निशमन दलाला केवळ आगीची वर्दी येत नाही. पूर, कोसळलेली भिंत, विहिरीत पडलेले माणूस आणि गटाराच्या चेंबरमध्ये गुदमरलेला कामगार, सगळ्यांसाठी त्यांनाच बोलावतात. चेंबरमध्ये उतरलेला तो कामगार कोणत्या वस्तीतला असतो, हे येथे बसलेल्यांना आम्ही सांगण्याची गरज नाही. त्याला बाहेर काढण्यासाठी फायरमन उतरतो तेव्हा त्याच्या तोंडावर श्वसनयंत्र असते. जो आधी उतरला त्याच्या तोंडावर मात्र काही नव्हते. माणसाला अशा धोकादायक सफाईसाठी गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली आहे. तेव्हा अग्निशमन दलाच्या वर्दीच्या वहीत ‘चेंबरमधून बाहेर काढले’ अशी नोंद झाली तर ती बचावाची नोंद तर आहेच, परंतु कोणीतरी कायदा मोडल्याचा तो पुरावाही आहे. ही नोंद मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर त्याच दिवशी गेली पाहिजे आणि त्या माणसाला खाली कोणी पाठवले, याची चौकशी झाली पाहिजे.

आता कोणी म्हणेल, हे सर्व खरे, परंतु आपण सामान्य माणसे काय करणार? आम्ही चार कामे सुचवतो.

पहिले काम अंदाजपत्रकाचे. नगरपालिकेचे अंदाजपत्रक नवीन आर्थिक वर्षापूर्वी सभेत मंजूर होते. त्यात अग्निशमनाचे पान उघडून पाहावे. गाडीखरेदीचा आकडा मोठा दिसेल. त्याखाली इंधन, टायर, नळ्या, दुरुस्ती आणि प्रशिक्षण यांचे आकडे पाहावेत. गाडीला अनुदान मिळते. डिझेल मात्र रोज लागते. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या आधुनिकीकरणासाठी पाच हजार कोटी रुपयांची शिफारस केली होती. असा पैसा वरून येतो तेव्हा ज्या शहराची गरज कागदावर तयार असते त्याची मागणी आधी पुढे सरकते.

दुसरे काम प्रश्नाचे. २०२१-२२ पासून अनेक नगरपालिकांवर प्रशासक होते आणि सभागृहे रिकामी होती. २०२५ च्या डिसेंबरात नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. आता विचारायला माणूस आहे. आपल्या प्रभागातील नगरसेवकाला भेटून सांगावे की, दर तीन महिन्यांनी सर्वसाधारण सभेपुढे अग्निशमन केंद्राचा एक पानाचा अहवाल यावा : वर्दी किती, पोहोचण्याचा वेळ किती, गाड्या चालू किती, पदे रिकामी किती, तपासणीच्या त्रुटी बाकी किती. एकच पान, पण दर तीन महिन्यांनी. तोंडी उत्तर मिळत नसेल तर माहितीचा अधिकार, २००५ हा कायदा आहे. दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही नाही, आणि तीस दिवसांची मुदत. अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लिहावा. विद्यार्थ्यांनी असा अर्ज लिहिण्याचा सराव करावा. परीक्षेतील निबंधापेक्षा तो अधिक उपयोगी पडेल. परंतु अर्ज करताना भाषा सौजन्याची ठेवावी. जवानांना अडचणीत आणणे हा आपला हेतू नाही, त्यांच्या हाताला बळ मिळावे हा आहे.

तिसरे काम आपल्या वस्तीचे. नगरपालिकेकडे बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात. आपल्या गल्ल्यांतून बंब जाईल काय? कोपऱ्यावरचा ओटा, रस्त्यात उभ्या दुचाक्या, खाली लोंबणाऱ्या तारा, मंडपाचे खांब, जयंतीच्या दिवसांतील कमानी, या सर्वांची पाहणी आपणच करावी. मंडप घालताना बंबापुरती वाट मोकळी ठेवली तर उत्सवाची शोभा कमी होत नाही. जिन्याखालच्या मीटरच्या पेटीजवळ चिंध्या आणि रद्दी ठेवू नये. आगीच्या वेळी १०१ क्रमांक लावावा आणि आग कशाची आहे, जवळची खूण कोणती, गाडी कोणत्या बाजूने आत येईल, हे तीन तपशील सांगावेत. वस्तीतील दोन तरुणांनी धावत मुख्य रस्त्यावर जाऊन बंबाला वाट दाखवावी. बाकीच्यांनी गर्दी न करता म्हातारी माणसे आणि मुले बाहेर आणावीत.

चौथे काम विद्यार्थ्यांचे. मुलामुलींनो, या सेवेकडे नोकरी म्हणूनही पाहा. दहावीनंतर महाराष्ट्र अग्निशमन सेवेचा सहा महिन्यांचा फायरमन अभ्यासक्रम आहे. आपल्याच राज्यात नागपूर येथे केंद्र शासनाचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. ते १९५६ साली रामपूर येथे सुरू झाले आणि १९५७ साली नागपुरास आले. तेथे अधिकारी पदाचे अभ्यासक्रम आहेत, अग्निशमन अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रमही आहे. आपली मुले कारकून झाली, शिक्षक झाली, याचा आम्हाला आनंद आहे. आम्ही स्वतः कारकूनच आहोत. परंतु ज्या वस्तीकडे बंब सर्वांत उशिरा पोहोचतो, त्या वस्तीतील मुलगी उद्या अग्निशमन अधिकारी होऊन शहराचा नकाशा भिंतीवर लावील, तेव्हा ती वस्ती नकाशातून सुटणार नाही.

येत्या १४ एप्रिलला सकाळी आपण अभिवादनास निघू. त्याच सकाळी अग्निशमन केंद्रावर १९४४ च्या हुतात्मा जवानांना मानवंदना दिली जाते. आमची संस्थेला विनंती आहे की, मिरवणुकीपूर्वी आपले दहा प्रतिनिधी फुले घेऊन त्या केंद्रावर जावेत आणि जवानांचे आभार मानावेत. आणि परत येताना केंद्रप्रमुखांना नम्रपणे विचारावे : वर्दीच्या वहीतील तिसरा रकाना आता भरला जातो ना?



जयभीम.